रेघेवरून फिरलेला पाय

टप्. जरा थांबून पुन्हा टप्.

दुपारी घर इतकं गप्प होतं, की जिन्यावरून उतरणारा चेंडू आत्ता कुठल्या पायरीवर आहे हे मला स्वयंपाकघरातूनही कळत होतं. रोमी, माझी सात महिन्यांची, नुकतीच खांद्यावर झोपली होती. तिच्या ओल्या तोंडाचा गोल डाग माझ्या शर्टावर उमटला होता. चेंडू दारातून घरंगळत आत आला, खुर्चीच्या पायाला लागला आणि थांबला. त्याच्या मागोमाग मोजे घातलेले दोन पाय आले.

"मी झोपलोच होतो," कोम म्हणाला. पाच वर्षांचा आहे, खोटं बोलताना अजून नाक चोळतो. "बॉल एकटाच उठला."

रोमीने डोळे उघडले. झालं! पण खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. टेबलावर मी फोन पालथा घालून ठेवला होता आणि तो उलटायचा धीर होत नव्हता. तिकडे लांब समुद्राकाठच्या एका गावात माझी धाकटी बहीण ऑन्दीन त्याच वेळी टेनिसच्या कोर्टावर उतरत होती. पात्रता फेरीचा शेवटचा सामना. जिंकली तर मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत पहिल्यांदाच नाव लागणार. याआधी तीनदा ती याच उंबऱ्यावरून परत आली होती. ईस्टरच्या जेवणात बटाट्यांचं भांडं पुढे सरकवता सरकवता तिने सांगूनच टाकलं, "या वेळी नाही जमलं तर सप्टेंबरात बोर्दोला कॉलेज. फिजिओथेरपी. जागा घेऊन ठेवलीय." पापाने मान वर न करता पाव मोडला.

"बूट घाल," मी कोमला म्हटलं. "क्लबात जाऊ. एकटीनं बघणं होणार नाही माझ्याच्यानं."

क्लब म्हणजे आमच्या कुंपणापलीकडे. चार कोर्टं, लाल मातीची, आणि ती माती पापाची. आम्ही चालायला लागलो ते तिथेच. दोघींना झोळीत घालून पापा कोर्टं झाडायचा, असं आई सांगायची. त्याचा कायदा एकच होता: सर्व्हिस करण्याआधी पायाने रेघ पुसायची. कोपऱ्यापासून मधल्या खुणेपर्यंत, बूट आडवा धरून. रेघेवर माती ठेवून कुणी खेळायला लागलं, की पापा जाळीपलीकडून ओरडायचा, "रेघ दिसत नसेल तर आंधळी कोशिंबीर खेळा!" ऑन्दीनला हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की लहानपणी ती रस्ता ओलांडतानाही पांढऱ्या पट्ट्यांवरून पाय घासत जायची.

क्लबातल्या मोठ्या पडद्यापुढे निम्मं गाव जमलं होतं. कॉफीचं दुकान चालवणारी जिस्लेन काउंटरमागून ओरडली, "आली बघ हिरॉइनची ताई! आण ती पोरगी इकडे, तू बस." रोमी माझ्या हातातून कधी गेली ते कळलंही नाही. म्हातारा लुसियां, जन्मभर टपाल वाटून आता दिवसभर टेनिसवर बोलणारा, त्याच्या ठरलेल्या खुर्चीत होता. "तुझा बाप तिकडे," त्याने खिडकीकडे हनुवटी केली. बाहेर तीन नंबरच्या कोर्टावर पापा पाठमोरा उभा होता, हातात पाण्याची नळी. तो ऑन्दीनचा सामना कधीच बघत नाही. एकदा बघितला होता, ती हरली. तेव्हापासून तिचा सामना असला की पापा माती भिजवतो.

"रेजी!" लुसियांने खिडकीतून हाक मारली. "सकाळपासून तिसऱ्यांदा पाणी घालतोयस! आता तिथे बदकं पाळ!"

"स्कोअर सांग, बडबड करू नकोस!" पापा वळला नाही.

समोरची मुलगी चेक होती, लांबच लांब हातांची. तिने पहिला सेट घेतला. दुसरा ऑन्दीनने खेचून आणला आणि तेव्हा जिस्लेनने रोमीला असं उंच फेकलं, की माझं काळीज तिच्याबरोबर वर गेलं. तिसऱ्यात तर कुणी खाली बसेचना. कोम माझ्या कडेवरून टेबलावर, टेबलावरून लुसियांच्या पाठीवर. मी त्याला चार वाजताचा खाऊ, पाव आणि चॉकलेट, दिलं, ते त्याने तसंच मुठीत वितळवलं.

पाच-चार. सर्व्हिस ऑन्दीनची. मॅच पॉइंट.

तिने पाय आडवा धरून रेघ पुसली, चेंडू उडवला. सर्व्हिस गेली, परत आली, गेली, परत आली. मग चेक मुलीचा एक लांब फटका ऑन्दीनच्या मागे, थेट रेघेपाशी पडला आणि पंच ओरडला, "आउट!"

मला पुढचं नीट आठवत नाही. मी ओरडले असेन. जिस्लेनच्या हातातल्या बाटलीचं बूच उडालं आणि छतावर आपटलं. "काय झालं? काय झालं?" बाहेरून पापा. "जिंकली, रेजी, जिंकली!" पडद्यावर ऑन्दीन दोन्ही हातांनी तोंड झाकून मागच्या रेघेवरून चालत होती, रडत की हसत कळत नव्हतं, आणि चालता चालता तिचा उजवा पाय आडवा झाला. रेघेवरून एक फराटा. दुसरा. तिसरा.

"नको," लुसियां पुटपुटला. "नको, नको, बाई, पाय उचल!"

कारण जाळीजवळ चेक मुलगी बोट दाखवून उभी होती. तिला खूण बघायची होती. मातीवर चेंडू पडला की खूण उरते, तीच साक्ष. पंच खुर्चीवरून उतरत होता. तो रेघेपाशी पोचला, वाकला. तिथे काहीच नव्हतं. स्वच्छ, पांढरी, पापाला आवडेल अशी रेघ.

"खूण पुसली म्हणजे पॉइंट दिला," लुसियां म्हणाला. "नियमच आहे."

पंचाने हात वर केला. पॉइंट चेक मुलीचा. ऑन्दीन आपल्या बुटाकडे बघत राहिली, जणू तो दुसऱ्याच कुणाचा पाय होता. पुढचे दोन पॉइंटही गेले. पाच-पाच. क्लबात फक्त बाटलीतला फेस जिस्लेनच्या मनगटावरून टपकत होता.

"कुणी बोलत का नाही?" खिडकीत पापा. नळी हातात तशीच.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "पापा, तिनं रेघ पुसली. पंच खूण बघायच्या आत."

"पायानं?"

"पायानं."

नळीचं पाणी पापाच्या बुटांवर पडत होतं, ते त्याला कळत नव्हतं.

पण ऑन्दीन! मला वाटलं होतं, आता ती कोसळेल. तीन वेळा बघितलंय मी तिला कोसळताना. नाही. तिने टोपी घट्ट केली आणि त्या चेक मुलीच्या सर्व्हिसवर अशी तुटून पडली, की लुसियां खुर्चीवरच चढला. सहा-पाच! पुन्हा सर्व्हिस तिची. पुन्हा एकच गेम.

आणि मग मला दिसलं. ती रेघेपाशी आली, पाय अर्धा उचलला आणि परत खाली ठेवला. रेघेवर माती तशीच. सर्व्हिस जाळीत, दुसरीही जाळीत. पुढच्या पॉइंटला फटका बाहेर. शून्य-तीस.

"हात थरथरतोय तिचा," जिस्लेन म्हणाली.

"हात नाही," मी म्हटलं. "रेघ पुसत नाहीये ती. घाबरतेय पुसायला."

"पुसत नाहीये?" पापाने नळी टाकली. तीन नंबरवर पाणी वाहत सुटलं आणि चिखलाच्या बुटांनी पापा, जो जिस्लेनच्या फरशीवर कधी चिखलाचे बूट घेऊन येत नाही, सरळ आत शिरला आणि पडद्यापुढे उभा राहिला. "पाय फिरव, पिसू!" तो पडद्यावर ओरडला. लहानपणी तो तिला लाडाने याच नावाने हाक मारायचा. "पाय चुकला नव्हता गं, घाई चुकली! फिरव!"

"रेजी, तिला ऐकू जातंय होय?" लुसियां म्हणाला.

"गप्प बस!"

ऑन्दीन मागे सरली. चेंडू खिशात घातला. पायाखाली बघितलं, बराच वेळ. मग पंचाकडे बघून तिने भुवया उंचावल्या, अशा की, पुसू ना आता? आणि बूट आडवा धरून कोपऱ्यापासून मधल्या खुणेपर्यंत सावकाश, अगदी सावकाश, रेघ पुसत गेली. तिकडचे प्रेक्षक हसले. पंचही हसला. चेक मुलीनेसुद्धा रॅकेटच्या आड तोंड लपवलं.

पुढची सर्व्हिस मला दिसलीच नाही, चेंडू फक्त चेक मुलीमागच्या कुंपणावर आपटताना दिसला. मग दुसरी. मग एक हळुवार ड्रॉप, ज्याच्यासाठी चेक मुलगी धावली आणि पोचली नाही. शेवटचा फटका तर मैदानाच्या इतका मधोमध पडला, की खूण बघायची कुणाला गरजच नव्हती.

पापाने मला मिठी मारली तेव्हा त्याला ओल्या मातीचा वास येत होता. कोम टेबलावर उड्या मारत होता, रोमी एवढ्या गोंधळात दमून झोपलेली, आणि लुसियां परत परत सांगत होता, "मी म्हटलं होतं! मी म्हटलं होतं!"

"तू कुठे काय म्हटलं होतंस?" जिस्लेन. "तू तर तिला कॉलेजात पोचवून आला होतास!"

थोड्या वेळाने फोन वाजला. मी स्पीकर लावला.

"पापा," ऑन्दीनचा आवाज, धाप लागलेला, "आज तूच मला हरवणार होतास, कळलं का?"

"शेवटच्या गेमला रेघ कोपऱ्यात नीट नाही पुसलीस," पापा म्हणाला आणि डोळे पुसायला खिडकीकडे वळला. तेव्हा कुठे त्याला तीन नंबरचं तळं दिसलं. "अरे देवा, पाणी!"

"ते बोर्दोच्या कॉलेजचं..." मी म्हटलं.

"आत्ताच फोन केला त्यांना, ताई. कुणाला तरी माझी जागा मिळेल."

मी नळ बंद करायला धावले, कोम माझ्या मागे. तो ओल्या मातीत उकिडवा बसला, खिशातून आणलेला तोच जिन्यावरचा चेंडू रेघेपाशी दाबला आणि उचलला. गोल, नेटकी खूण. अर्धी रेघेवर वाटली, अर्धी बाहेर. मग उभं राहून त्याने इवलासा बूट आडवा धरला आणि ती पुसून टाकली.

"आई," तो म्हणाला, "मग मावशीचा तो बॉल आत पडला होता की बाहेर?"