दक्षिणेकडची खोली

आमच्या घराला वरचा मजला नाही, पण मी त्यात एकोणीस वर्षं राहते आहे.

हसू येत असेल तर हसा. बेटेगावात आमचं घर आहे, खाली तीन खोल्या आणि वर मोकळी गच्ची. गच्चीवर नऊ ठिकाणी खांबांच्या सळया कंबरेइतक्या उंच उभ्या. घर बांधताना स्लॅबपाशी आमचं बळ संपलं, तेव्हा गवंडी म्हणाला, सळया राहू द्या वर, पोरगा मोठा झाला की मजला चढवा. पोरगा म्हणजे आमचा मनीष. तेव्हा तो पाचवीत होता.

तेव्हापासून दर दसऱ्याला गच्चीवर दोन कामं होतात. आमचे शिवाजीराव तारापूरच्या एमआयडीसीत फिटर आहेत. ते पाने-हातोड्यांची पूजा करतात आणि मग रेड ऑक्साइडचा डबा घेऊन सळयांना रंग मारायला वर जातात. इथल्या हवेत लोखंड टिकत नाही, खिडकीचे गज दोन पावसाळ्यांत पापडासारखे होतात. रंग वाळला की प्रत्येक खांबाला झेंडूची माळ. आणि मी फक्की मारते. घर बांधायच्या आधी जमिनीवर आखणी करतात ना, ती चुन्याची पांढरी भुकटी. पावसात धुऊन गेलेला मजला मी दरवर्षी नव्याने काढते. हे स्वयंपाकघर. हा आमच्या सुनेचा, वर्षाराणीचा वेगळा ओटा, कारण एका ओट्यावर दोन बायका नांदल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. ही गॅलरी. आणि दक्षिणेला मनीषची खोली.

कारखान्यातल्या मुलांचे डबे करते मी. दुपारी ते रवाना झाले की वर जाते. जाताना दारातून जाते, भिंतीतून नाही. रेघ ओलांडलेली मला चालत नाही. खालून कारखान्याचा वास येतो, तो वरच्या मजल्यावर आल्यावर मला जाणवतच नाही. वारा समुद्राकडून येतो, उमरोळी स्टेशनाकडून गाडीचा भोंगा ऐकू येतो आणि मऊ होत होत विरतो. मनीषच्या खोलीच्या कोपऱ्यात एक सळई आहे, तिला मी दाराच्या चौकटीला धरावं तशी धरून उभी राहते. चारच्या उन्हात ती खोली इतकी भरून जाते की मला तिथे पलंग दिसतो, खुंटीवर शर्ट दिसतो. कधी कधी तर मी त्या शर्टाची घडीसुद्धा घालते.

मनीष नोकरीसाठी बडोद्याला असतो, वर्षाराणीही तिकडेच. चार वर्षं झाली. दिवाळीत दोन दिवस येतात.

पौषात आम्ही सोलर घ्यायचं ठरवलं. शिवाजीराव पुढच्या वर्षी निवृत्त होणार, विजेचं बिल तेवढंच राहणार. गच्ची बघायला सोलर बसवणाऱ्यांकडची तेजल आली. मूळची इथल्याच किनाऱ्यावरच्या दांडीची, गोड पण ठसक्याची. मोबाइलमधलं होकायंत्र हातावर धरून ती गच्चीभर फिरली आणि माझ्या रेघांपाशी थबकली.

“काकू, हा मार्किंग कोणी केलाय? दुसरी कंपनी येऊन गेली का काय?”

“नाही गं. ते आमचं घर आहे,” मी म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं, खाली रेघांकडे पाहिलं आणि शहाण्या मुलीसारखी वळसा घालून दारातून आत गेली. मला ती तिथेच आवडली.

पॅनेल कुठे बसणार, तर दक्षिणेला. नेमके मनीषच्या खोलीत.

“आणि ह्या सळया कापायला लागतील,” तेजल म्हणाली. “सावली पडते. एका पॅनेलवर सावली आली की सगळ्यांचा जोर उतरतो.”

“सळया कापायच्या नाहीत,” मी म्हटलं.

मग खाली चहा पिताना तिने समजावून सांगितलं. “दोन रस्ते हायत, काकू. एक बँकेचा कर्ज. पॅनेल तुमचे, अनुदान तुमचा, हप्ते फिटले की वीज जवळजवळ फुकट. दुसरा भाड्याचा. कंपनी आपल्या पैशाने बसवणार, तुमी फक्त महिन्याचा भाडा द्यायचा. बिघडला तर त्यांचा त्यांनी बघायचा. पन वीस वर्सांचा करार. वीस वर्सं गच्चीवर काय बांधता येनार नाय.”

मला वाटलं, यात विचार करण्यासारखं काय आहे? कर्जाने घ्यायचं. पॅनेल आपले असले की मजला चढवताना उतरवता येतील, पुन्हा वर बसवता येतील. पण शिवाजीराव बशीतला चहा फुंकत म्हणाले, “भाड्यानंच घिऊ.”

मी बघतच राहिले. या माणसाने जन्मात काही भाड्याने घेतलेलं नाही. शेजाऱ्याचा पाना आणला तर परत करेपर्यंत याला झोप येत नाही. भाड्याचं घर, खाली कर, असं म्हणत पंधरा बाय दहाच्या खोलीतून मला इथे आणणारा हाच.

“वीस वर्षं गच्ची दुसऱ्याची?” मी विचारलं. “आणि मजला?”

“म्हातारपणी कशाला कर्ज,” ते म्हणाले आणि बशीत बघत राहिले.

तेजल गेल्यावर मी त्यांच्याशी बोलले नाही. भाजी फोडणीला टाकली ती अशी की सगळ्या आळीला ठसका लागावा. संध्याकाळी मनीषला फोन लावला. म्हटलं, हा तरी माझ्या बाजूने बोलेल.

“आई, भाड्याने घे ना. डोक्याला ताप नाही.”

“अरे, वीस वर्षं वर काही बांधता येणार नाही.”

“वर काय बांधायचंय?”

त्याने सहज विचारलं. मुद्दाम दुखवायला विचारलं असतं तर मी भांडले असते. पण त्याला खरंच आठवत नव्हतं. मी म्हटलं, काही नाही रे, जेवलास का.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर गेले. रागातच होते, पहिल्यांदाच रेघ तुडवत सरळ भिंतीतून शिरले आणि कोपऱ्यातली सळई धरली. रोज धरते त्याहून जरा जास्त जोर लागला असेल. ती माझ्या हातात आली.

वाजलीसुद्धा नाही. बुंध्यापाशी तुटली, वाळकी काटकी तुटावी तशी. वरून लाल, तुळतुळीत, दसऱ्याचा रंग. आत लोखंड नव्हतंच. नुसता तपकिरी भुगा, तो माझ्या पदरावर सांडला. मी दुसरी सळई हलवली, तिसरी हलवली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती माझी मूठ अशी उघडली.

सळई घेऊन खाली आले आणि शिवाजीरावांच्या पुढ्यात ठेवली. पहिली पाळी करून ते नुकतेच आले होते, पायातले बूट सोडत होते.

“सा वर्सं झाली,” बुटाची नाडी हातात तशीच धरून ते म्हणाले. “गवंड्याला आणून दावलं हुतं, तू गावी गेलीवतीस तवा. पानी सळईवाटं खांबात उतरलंय. खालचं घर राहील, पर मजल्याचं वजन पेलायचं न्हाई म्हनाला.”

“आणि तुम्ही रंग मारत राहिलात?”

“तू फक्की मारत हुतीस की.”

मला रडू आलं. राग कुठे करावा तेच कळेना. लोखंड ओळखणारा माणूस, नखाने टिचकी मारून गंज सांगणारा, सहा दसरे पोकळ सळयांना जपून जपून रंग लावत होता, जोराने ब्रश लागला तर तुटतील म्हणून. वर झेंडूच्या माळा घालत होता. माझ्यासाठी. आणि आता कंपनी वीस वर्षांसाठी गच्ची अडवील, मग मजल्याचं नावच निघणार नाही, मला खरं सांगावंच लागणार नाही, असा त्यांचा साधा हिशेब. म्हणून भाडं!

“मनीषला ठाऊक आहे?”

“न्हाई. त्यानं कंदी इचारलंच न्हाई.”

चार दिवस मी वर गेले नाही. पण घर सुटत नव्हतं. पोळी लाटता लाटता मी वर्षाराणीच्या ओट्यापाशी जाई, कपडे वाळत घालताना गॅलरीत. पाचव्या दिवशी चढले. वाऱ्याने फक्की पुसट झाली होती, तरी खोल्या जिथल्या तिथे होत्या. चारचं ऊन आलं, मनीषची खोली भरली. सळई नव्हती तरी भरली. मी तिथे बसून राहिले आणि वर बघितलं. इतक्या वर्षांत मी या घराच्या भिंती काढल्या, दारं काढली, पण वर कधी बघितलंच नव्हतं. याला छप्पर नव्हतं.

खाली येऊन तेजलला फोन लावला. “ते पॅनेल उंचावर बसतात का गं? छपराइतके?”

“बसतात की. खाली माणूस उभा रहायल एवढे. वजन कायच नाय त्यांचा, बीमवर पाय घेऊ. पन काकू, भाड्याच्यात नाय होनार. कंपनी बुटकाच सांगाडा देते, त्यांना परवडत नाय. तुमी स्वतःचा घेतलात तर तुमाला पायजे तसा.”

“मग स्वतःचा.”

विजेचा मीटर माझ्या नावावर आहे. घर बांधलं तेव्हा शिवाजीरावांची पाळी असायची, रांगेत मी उभी राहिले होते, तेव्हा अर्जावर माझंच नाव पडलं. कर्जाचा कागदही त्यामुळे माझ्याच नावाने झाला. बँकेतल्या साहेबांनी विचारलं, भाड्याचा पर्याय माहीत आहे ना? म्हटलं, माहीत आहे, पण मला छत हवंय. ते म्हणाले, मॅडम, छत तर आहेच ना तुमच्याकडे. मी सही केली.

शिवाजीरावांनी फक्त विचारलं, “किती फूट?”

“दहा.”

ते टेप आणायला उठले. सळया मात्र त्यांनी दुसऱ्या कोणाला कापू दिल्या नाहीत. करवत घेऊन स्वतः बसले, नऊच्या नऊ खांब. कापलेल्या तोंडांवर सिमेंटचा गिलावा केला, हाताने गुळगुळीत केला. मी शेजारी बसले होते. ती दुपार मला आमच्या लग्नानंतरच्या चांगल्या दुपारींतली वाटते.

पाडव्याच्या आधी पॅनेल चढले. खाली गार निळसर सावली पडली, आणि दोन पॅनेलांच्या फटींतून उन्हाच्या बारीक पट्ट्या. पाडव्याला मी गुढी तिथेच उभारली आणि फक्की मारली, दसऱ्याची वाट न बघता. मग स्वयंपाकघराच्या जागी विजेची शेगडी ठेवली, वायर खालून ओढून. नव्या घरात दूध उतू जाऊ द्यायचं असतं. पातेलं ठेवलं. डोक्यावरचं ऊन खाली मीटरमधून फिरून माझ्या पातेल्याखाली आलं होतं, आणि त्यातला कण न् कण आमचा होता.

शिवाजीराव पातेल्यावर नजर ठेवून बसले. मी मनीषला व्हिडिओ कॉल लावला.

“आई, कुठे आहेस? वारा केवढा आहे.”

“तुझ्या खोलीत.”

तो हसायला लागला आणि मध्येच थांबला. मी फोन फिरवून दाखवला. वर छप्पर, खाली पांढऱ्या रेघा, कोपऱ्यात सिमेंटचा गोल डाग.

“आई, आमचं इकडेच...” तो म्हणाला.

“माहीत आहे. यायलाच पाहिजे असं नाही रे. खोली झाली, एवढंच सांगायला फोन केला.”

“दार कुठे आहे तिचं?” मनीषने विचारलं. आवाज बदलला होता त्याचा.

मी फोन खाली धरून त्याला दाराची रेघ दाखवली, आणि तेवढ्यात मागे शिवाजीराव ओरडले, “सुगंधा, आगं बघ, दूध गेलं!”