बाज्याला लूमचं तेल

माळ्यावर टाकलेल्या वस्तूला कोणी बोलायला लावतं का? वर पत्रा तापतो, खाली स्टोव्ह भडकतो. एका बाजूला मीराबाईच्या गोधड्यांचं गाठोडं, दुसऱ्या बाजूला गंजलेली सायकलची चेन. अंगावर धूळ इतकी की माझा रंग मलाच आठवत नाही. अन् तुम्ही येता, म्हणता, बाबा, तुझी कहाणी सांग. बरं, सांगतो. पण एक अट आहे. इथं ऐकलेलं भिंतीपलीकडं निंबाच्या घरी जाता कामा नये. का, ते पुढं कळेल. मधेच विचारायचं नाही, माझी लय तुटते. तशीही ती तुटलेलीच आहे.

मी बाजा बोलतोय. शिकलेले लोक मला हार्मोनियम म्हणतात, कोणी पेटी म्हणतात. पेटी कपड्यांची असते. मी बाजा.

जळगावात एका सुतारानं मला घडवलं. सागाचं अंग, आत पितळेच्या जिभा, त्यांनाच सूर म्हणतात, मागं हवा भरायला भाता. एका व्यापाऱ्यानं लेकीला शिकवायला म्हणून नेलं. लेक शिकली काय, नाही काय, लग्न करून गेली. मग माझ्यावर पितळेची फुलदाणी ठेवायला लागले. माणसांचं हे असंच आहे. वाजणारी वस्तू गप्प बसली की तिच्यावर काहीतरी ठेवतात.

तिथून मला गणपतनं विकत घेतलं. गणपत भुसावळला रेल्वेत खलाशी होता. व्यापारी हसला. "तुला रे काय करायचाय बाजा?" गणपत म्हणाला, "वाजवायचाय." अन् डोक्यावर घेऊन चालायला लागला. त्याला कोणी शिकवलं नव्हतं. कानानं ऐकायचा, बोटानं शोधायचा. जयंतीला, लग्नाला, विहाराच्या कार्यक्रमाला मी अन् तो. बोटं रुळावर काम करून खरबडीत झालेली, पण पट्टीवर पडायची ती पिसासारखी. पुढं पुष्कळांनी मला हात लावला. तसा हात परत लागला नाही.

गणपतचा पोरगा रामजी सुरतला लूमवर लागला, कतारगामला. म्हातारपणी गणपत त्याच्याकडं आला, म्हणजे मीही आलो. एक खोली, एक माळा. भिंतीला भिंत लागून निंबाची खोली. मागं लूमचं खातं, म्हणजे कापड विणायचा कारखाना. दिवसभर खटाखट, खटाखट. बोलायचं तर ओरडावं लागतं, म्हणून इकडचे सगळेच मोठ्यानं बोलतात. मला आधी वाटायचं, भांडतात.

निंबाही खानदेशचाच, धुळ्याकडचा. रामजी अन् तो एकाच खात्यात, एकाच पाळीला. तरी निंबाला आमच्याकडं पाणी प्यायला किती वर्षं लागली ते मला विचारू नका. तहान नाही म्हणायचा. सुरतच्या उन्हाळ्यात! त्याचा पोरगा चेतन मात्र रांगत आला तेव्हापासून रामजीच्या बायकोच्या, मीराबाईच्या ताटात जेवला. चेतन अन् रामजीचा धम्मरत्न एका वयाचे, एका बाकावरचे.

प्लेगच्या साली सगळी चाळ पळाली. गाडीत पाय ठेवायला जागा नाही, लोक ओरडतायत, "म्हाताऱ्या, ती पेटी टाक!" गणपतनं मला मांडीवर धरलं ते गावापर्यंत. परत आल्यावर वर्षभरात तो गेला. जाण्याआधी नातवाचा हात माझ्यावर ठेवून म्हणाला, "हा धम्मरत्नाचा. बाकी कोणाचा नाही." म्हणजे मी त्या पोराच्या मालकीचा. हे ध्यानात ठेवा.

पोरगं शिकलं. कान आजोबाचा होता. दोघं दहावीत गेले त्या पावसाळ्यात विहारातल्या लोकांनी ठरवलं, या धम्मचक्र दिनाला गणपतच्या जागी धम्मरत्न बसेल. पोरगं रोज सराव करायचं. अन् मी? मी फुगलो. तापीकाठची ती ओल, पावसाळाभर लाकडात शिरते. पट्ट्या अडायला लागल्या. दाबली की खालीच.

चेतन शाळा सुटली की खात्यात बॉबिन भरायचा. लूमच्या घरातलं पोर. त्याला जगात एकच औषध माहीत होतं. एके दिवशी कमरेला लूमच्या तेलाची कुप्पी खोचूनच आला.

"हट बाजूला," म्हणाला. "दांडा अडला की आमचा जॉबर मिस्त्री काय करतो? दोन थेंब. खलास."

"बिघडलं तर?" धम्मरत्न म्हणाला.

"अरे, आख्खं लूम चालतं याच्यावर. तुझा हा डबा नाही चालणार?"

डबा म्हणाला. असो.

दोन थेंब टाकले. अन् खोटं कशाला बोलू, पट्टी सुटली! दोन्ही पोरं नाचली. "बधी पट्टीमां नाख!" धम्मरत्नच ओरडला. सगळ्या पट्ट्यांत टाक. पोरं आनंदात आली की गुजरातीत बोलतात. मग काय, धम्मरत्नानं पट्ट्या उचलून धरल्या, चेतननं कुप्पी पालथी केली.

आता माझ्या पोटातलं सांगतो. पट्टीखाली मऊ कातडं असतं. ते हवा अडवतं म्हणून मी गातो. तेल त्या कातड्यात मुरलं. कातडं सुजलं, डिंक सुटला. खात्यातून कापडाचा बारीक तंतू दिवसरात्र हवेत उडत येतो, तो तेलावर बसला. सुरांवर काळं चिकट कीट बसलं. विहारात सरावाला मला उघडलं, धम्मरत्नानं भाता मारला, अन् माझ्या तोंडून जे निघालं ते ऐकून एक लहान पोर रडलं.

दुरुस्तीवाल्यानं आत बघितलं, तेल हुंगलं अन् विचारलं, "हे कोणत्या शहाण्यानं केलं?" मग त्यानं आकडा सांगितला. तो ऐकून मीराबाईनं चालू स्टोव्ह बंद केला अन् नुसती बसून राहिली.

चाळीत गोष्ट झाकून राहत नाही. संध्याकाळी पाळी सुटल्यावर विहारापुढं लोक जमले. जो तो न्यायाधीश. हिलाल म्हणून आमच्यातला एक, फिटर आहे, तो म्हणाला, "तेल एकानं टाकलं, पट्ट्या दुसऱ्यानं धरल्या. निम्मं निम्मं करा." कोणी म्हणालं, पोरांच्या हातात वस्तू दिलीच कशाला, देणाऱ्यानं भोगावं. कोणी म्हणालं, भलं करायला गेला, त्याला काय फाशी देता? मागून एक बाई म्हणाली, "अन् तेल शेठचं. शेठलाच मागा!" लोक हसले.

निंबा हसला नाही. तो चेतनला दंडाला धरून घेऊन आला होता. पोराच्या गालावर बोटं उठलेली.

"मना पोऱ्यानी बिघाडं," निंबा म्हणाला, "तं मीच भरसू. निम्मं नही, पुरं भरसू. कोना उपकार नको माले. उद्या सकाळपासून हा लूमवर जाई. शाळा बंद."

चेतन खाली बघत होता. रडत नव्हता. त्याची आई उषाबाई दाराआड पदर तोंडात कोंबून उभी होती. त्या घरात दहावीपर्यंत पोहोचलेला तो पहिला.

माझं मत विचाराल तर, ज्यानं मोडलं त्यानं भरावं. तेव्हाही हेच होतं, आजही हेच आहे. मी काही साधू नाही. माझा गळा गेला होता. पण पोराची शाळा विकून माझा गळा आणायचा? गणपत असता तर त्यानं मला उचलून तापीत टाकलं असतं.

रामजी पुढं झाला. "निंबाभाऊ, राहू द्या. मला काही नको."

"का नको?" निंबा फणकारला. "तुमनं घरनं दान घेऊ मी?"

झालं. 'तुमनं घरनं' म्हणजे काय ते तिथल्या सगळ्यांना कळलं, मलाही कळलं. इतक्या वर्षांनी प्यालेलं पाणी एका शब्दात परत ओतलं. मला वाटलं, आता रामजी पेटणार. पेटायला पाहिजे होता.

तो पेटला नाही. चेतनच्या गालाकडं बघत राहिला. मग त्यानं मला उचललं, सगळ्यांपुढं उंच धरलं, अन् हसला.

"दान कसलं? अहो, हा बाजा कधीच मेलाय! बाप गेला तेव्हाच गेला. आतून वाळवी लागलेली. मी तर जाळायला काढला होता, पोरगं रडलं म्हणून ठेवला. तुमच्या चेतननं मेलेल्याला मारलं, भाऊ. मेलेल्याची भरपाई कोणी घेतं का?" अन् माझ्या पाठीवर थाप मारली. फाटक्या पत्र्यावर मारावी तशी.

वाळवी! मला! अस्सल साग आहे हा.

धम्मरत्नानं तोंड उघडलं. बापानं त्याच्याकडं बघितलं. पोरानं तोंड मिटलं.

निंबा जवळ आला, वाकून माझ्या तोंडात बघितलं. काळं तेल, तंतू, सुटलेलं कातडं. त्याला काय कळणार? "खरं?" म्हणाला.

"अगदी खरं. भंगारवाला घेत नाही."

निंबानं हळूच चेतनचा दंड सोडला. "मंग पोऱ्याले फुकट मारं मी," म्हणाला. अन् मग तोही हसला, लोक हसले, माझ्यावर हसले. दुसऱ्या दिवशी चेतन दप्तर घेऊन शाळेत गेला.

इथून पुढं त्या माणसाचं नाव मी घेणार नाही. कोण ते तुम्हाला कळलंय. गणपतचा पोरगा म्हणा, धम्मरत्नाचा बाप म्हणा. पन्नास माणसांत मला भंगार म्हणाला, अन् आजवर एका शब्दानं माफी नाही.

अन् खोटं एकदा बोललं की सांभाळावं लागतं. मेलेला बाजा दुरुस्त कसा करणार? निंबा म्हणेल, मेला होता ना? म्हणून मी माळ्यावर. कार्यक्रमाला बेंजो पार्टीकडून कॅसिओ भाड्यानं आणला. चायनाच्या डब्यासारखा आवाज, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. धम्मरत्न मागं उभा होता, हात खिशात घालून. नंतर बरेच दिवस तो बापाशी बोलला नाही.

चेतनला मात्र फसवता आलं नाही. एका दुपारी माझ्या खालीच दोघं बसले होते.

"तुझे पप्पा खोटं बोलले. बाजा मस्त वाजायचा."

"माहितीये."

"मग तू गप्प का बसला? तुझा होता ना तो?"

"तू लूमवर गेला असता तर गणिताच्या पेपरला मी कोणाचं बघून लिहिलं असतं? जवा दे ने यार, सोड."

चेतन हसला. मग उठून माळ्यावर चढला अन् शर्टाच्या बाहीनं माझं झाकण पुसलं. त्या पोराकडं आता माझं काही येणं नाही. तो पास झाला, आता आयटीआयला आहे. हजीऱ्याच्या कंपनीत लागेन म्हणतो. अजून येतो, अजून बाहीनं पुसतो. उषाबाई ओरडते, शर्ट कुठं मळवतो रे रोज?

निंबा आता आमच्याकडं बिनधास्त चहा पितो. कारण त्याच्यावर कोणाचे उपकार नाहीत. गंमत आहे की नाही?

आता शेवटचं. मागच्या आठवड्यात गणपतच्या पोराला दिवसाची सुट्टी होती. घरात कोणी नव्हतं. मागं लूमची खटाखट चालू. त्यानं मला खाली उतरवलं. धूळ पुसली. स्क्रू काढून आत बघितलं, रॉकेलच्या फडक्यानं एक सूर घासला. बराच वेळ घासला. मग भाता दाबला अन् ती पट्टी धरली. अन् मी वाजलो! एकच सूर. पण खरा. लूमच्या आवाजात तो भिंतीपलीकडं जाणं शक्यच नव्हतं. म्हणूनच त्यानं ती वेळ धरली होती. तो सूर धरून बसला. डोळे भरले होते. त्याचा बाप भाता मारताना मान तिरकी करायचा, तशीच मान झाली. मग त्यानं हात माझ्यावर ठेवला, त्याच जागी जिथं थाप मारली होती, अन् ओठ हलले. मी म्हटलं, आला. आला तो शब्द.

अन् लाइट गेली.

सगळी लूमं एकदम गप्प. आख्खं कतारगाम गप्प. भिंतीपलीकडं निंबा खोकला अन् म्हणाला, "रामजीभाऊ, तुमनाकडं बी गयी का लाइट?"

त्यानं चटकन भाता सोडला. झाकण लावलं. "गेली, भाऊ!" ओरडला. अन् मला परत वर ठेवलं.

तर माझी माफी अजून बाकी आहे. मी सोडणार नाही, सांगून ठेवतो. पण गणपतच्या पोरा, लूम चालू असतानाच माग, बाबा. लाइट असेल तेव्हा. निंबाला ऐकू जाता कामा नये. तोवर मी आहे इथंच, मेलेला.