वरात दोन नंबरच्या दाराने

करंजपाडा मेट्रो स्टेशनला दोन दारं. एक नंबरचं टॉवरांच्या बाजूला, दोन नंबरचं गावाच्या बाजूला. स्टेशन सुरू होऊन दोन वर्षं झाली, तरी दोन नंबरचं जाळीचं शटर एकदाही वर गेलं नव्हतं.

ते दार ज्या भातखाचरांवर उभं होतं, त्यांतलं एक जहुराच्या सासऱ्यांचं, दुसरं शेजारच्या काशीचं. जमीन घेताना साहेब लोक म्हणाले होते, गाडी तुमच्या अंगणात उतरेल. पुढे गावाने तीन अर्ज केले. तिन्हींना उत्तर एकच, गावाकडून पुरेसे प्रवासी नाहीत.

"दार बंद, तर मानसं मोजली कुठं?" काशी म्हणाली.

काशीचा नवरा कोंडाजी आठवड्यातून तीनदा डायलिसिसला बेलापूरला जायचा. घरातून शटर दिसायचं, पण ट्रेलरांचा रस्ता ओलांडून, वळसा घालून एक नंबरला पोचायला त्याला अर्धा तास लागे. एका सकाळी तो त्याच रस्त्यावर पडला आणि त्याचा हात मोडला. जहुराने धावत जाऊन त्याला उठवलं, तर म्हणतो, "घरी न्हाय, बाय. गाडीत बसव. आजची पाळी चुकंल."

त्याच आठवड्यात जहुराच्या लेकीचं, जवेरियाचं लग्न ठरलं. नवरा मुलगा हारिस बेलापूरचा. जहुराच्या नवऱ्याने, नुरुद्दीनने, पत्रिकेचा मजकूर तिला वाचून दाखवला. जहुराने पेन घेतलं आणि खाली लिहिलं, 'वरात मेट्रोने येईल. उतरण्याचं ठिकाण: करंजपाडा, दार क्रमांक दोन.'

"डोकं ठिकाणावर हाय का?" नुरुद्दीन उडालाच. "सोयऱ्यांपुढे नाचक्की होईल!"

"नाचक्की होईल ती दार लावून बसणाऱ्याची."

तरी विहिणीला अंधारात ठेवणं तिला पटेना. तिने फोन करून सगळं खरं सांगितलं. विहीणबाई हसल्या. "माझे गुडघे चालत नाहीत, पण तोंड चालतं. येतो आम्ही."

पहिली पत्रिका जहुराने स्टेशनच्या साहेबाला नेऊन दिली. "यायचं हं. दोन नंबरनेच या." साहेबाने ती न वाचताच खणात टाकली.

रविवारी अकरा वाजता वऱ्हाड उतरलं. सव्वाशे माणसं दोन नंबरच्या जिन्यावर आडवी बांधलेली दोरी सोडून शटरपाशी आली. बाहेर सगळा गाव उभा होता, काझीसाहेबसुद्धा. साहेब धावत आला.

"एक नंबरने जा! हे दार बंद आहे."

"पत्रिकेत हेच दार आहे," विहीणबाई म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. सेहरा बांधलेला हारिस त्यांच्या शेजारी बसला. मग एकेक करून सगळेच बसले.

"अहो, वरून परवानगी लागते!"

जाळीच्या बाहेरून जहुरा म्हणाली, "मग घ्या की परवानगी. आम्हाला घाई नाही. नाहीच मिळाली तर निकाह इथंच लागेल. एक कबूल तिकडून, एक कबूल इकडून. फोटो सगळी नवी मुंबई बघेल."

साहेबाने फोन लावला. एकाला, मग दुसऱ्याला. सव्वाशे लोक शांतपणे बसून होते; त्या शांततेनेच त्याला घाम फुटला. शेवटी त्याने रखवालदार दीपेशला मान हलवून खूण केली.

चावी फिरली, पण शटर गंजलेलं. आतून वऱ्हाड्यांनी आणि बाहेरून आगरी पोरांनी हात घातला, तेव्हा कुठे ते करकरत वर गेलं. हारिस पाऊल टाकणार, तोच जहुराने त्याला थांबवलं.

"थांब बाबा, जरा. आधी कोंडाजी."

प्लास्टरातला हात छातीशी धरून कोंडाजी आत गेला, तिकिटाच्या यंत्रापर्यंत चालला आणि परत आला. "तीन मिनटं," तो काशीला म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. मग वरात बाहेर पडली.

ऊन कलल्यावर पाहुणे त्याच दाराने परतले. शेवटचा माणूस जिना चढल्यावर साहेब म्हणाला, "झालं ना? हे आजच्यापुरतं होतं." दीपेश शटर ओढायला आला.

जहुराने मांडवातली खुर्ची आणून बरोबर शटरखाली मांडली आणि ती बसली. काशीने दुसरी आणली. नुरुद्दीन लांब उभा होता. थोड्या वेळाने तोही तिसरी खुर्ची घेऊन आला.

"ओढू का, साहेब?" दीपेशने विचारलं.

साहेबाने तिघांकडे पाहिलं आणि तो वर निघून गेला.

गावाने पाळ्या लावल्या. अकरा दिवस त्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या नाहीत. बाराव्या दिवशी कागद आला, दार क्रमांक दोन सकाळी सहा ते रात्री दहा उघडं राहील. प्रवाशांच्या सोयीसाठी प्रशासनाने स्वतःहून घेतलेला निर्णय.

"स्वतःहून?" जहुराने ती ओळ नुरुद्दीनला दोनदा वाचून दाखवली. "पेन आण. याला उत्तर लिहायचंय."