धुलाईघरातलं गाणं

मावशी पहिल्या रांगेत बसायला तयार होईना. कार्यक्रम ठरवणाऱ्या बाईंनी तिच्यासाठी मधली खुर्ची राखून ठेवली होती, पण मावशीचं म्हणणं, पुढे बसलं की मधेच उठून जाता येत नाही. शेवटी दाराजवळच्या खुर्चीवर तडजोड झाली. तिने पिशवी मांडीवर घेतली आणि तंबूला हातानेच खूण केली, तू जा, तुझं बघ.

तंबू हे त्याचं नाव नव्हतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि हे नाव त्याला तिथल्या मुकादमाने बहाल केलं होतं. हातात गिटार, गळ्यात तारेने अडकवलेला माउथ ऑर्गन, एका पायाखाली लाकडी खोकं आणि दुसऱ्या घोट्याला बांधलेला जुन्या किल्ल्यांचा जुडगा, हा सगळा जामानिमा एकट्यानेच वाजवताना त्याला बघून मुकादम म्हणाला होता, हा बघा आपला एकखांबी तंबू. तेव्हापासून तेच चिकटलं. कार्यक्रमाच्या पत्रकावरही तेच छापलेलं होतं.

विशीत त्याला ब्लूजचं वेड लागलं. दूरदेशीच्या मजुरांनी आणि कैद्यांनी गायलेली ती जुनी, खरखरीत गाणी. शब्द धड कळायचे नाहीत, पण एकच ओळ दोनदा म्हणायची आणि मग तिला उत्तर द्यायचं, ही तऱ्हा त्याला ओळखीची वाटायची. बरीच वर्षं तो तीच गाणी परक्या भाषेत, परक्या आवाजात गात राहिला. माणसं ऐकून घ्यायची आणि विसरून जायची. मग एका दुपारी मावशी घरात उशांच्या अभ्र्यांना इस्त्री करत असताना स्वतःशीच काहीतरी म्हणत होती, आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही तर तीच तऱ्हा. इतकी वर्षं ती गाणी भिंतीपलीकडे होती, आणि तो सातासमुद्रापार शोधत बसला होता.

मावशीचा सगळा जन्म दवाखान्याच्या धुलाईघरात गेला होता. तळघरात यंत्रांची घरघर, वाफ, आणि ओळीने इस्त्रीची टेबलं. बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून बायका गायच्या. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. तंबूची आई गेल्यावर मावशीने त्याला घरी आणलं, तेव्हा शाळा सुटली की तो तिथेच, मळक्या कपड्यांच्या ढिगावर आडवा व्हायचा. ती गाणी त्याच्या कानात होतीच. फक्त गाणी म्हणून त्याने ती कधी ऐकली नव्हती.

आता मागे लागल्यावर मावशी आधी लाजली, मग खुलली. मुकादमिणीची नक्कल करणारं, नळाचं पाणी गेल्याचं, दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याचं, अशी एकेक गाणी तिने दिली. तो चुकला की म्हणायची, इतकं गोड नको म्हणूस रे, आम्ही घामाने निथळत असायचो. एक गाणं मात्र तिने दिलं नाही. चादरीच्या घडीचं. ते त्याला लहानपणापासून अर्धंमुर्धं आठवत होतं, उरलेलं त्याने ती स्वयंपाकघरात एकटी असताना ऐकून घेतलं. विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ते गाणं नाहीये." त्याला वाटलं, स्वतःचं काही कौतुक करण्यासारखं आहे हेच तिला पटत नाही. त्या गाण्याने तो तिला सुखद धक्का देणार होता.

सभागृहात त्याने ते सगळ्यात शेवटी घेतलं.

घडी घातली, घडी मोडली, पांढऱ्यावर पांढरं,
घडी घातली, घडी मोडली, पांढऱ्यावर पांढरं,
कोण निजलं, कोण उठलं, मला नका सांगू.

खोक्यावर पाय पडत होता, किल्ल्या वाजत होत्या, आणि समोरची माणसं श्वास रोखून बसली होती. गाणं संपलं. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की तंबूला स्वतःलाच भरून आलं. दाराजवळची खुर्ची त्याला दिव्यांच्या झोतात दिसत नव्हती.

मावशी त्याच्याबरोबरच घरी आली. चपला काढल्या, पाणी प्यायली, पिशवी खुंटीला लावली. त्याने विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, गळा छान लागला होता तुझा. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "ते तुझ्या ताईचं होतं रे."

मावशीला एक मुलगी होती आणि ती लहानपणीच गेली, एवढंच त्याला ठाऊक होतं. घरात तो विषय निघत नसे. मावशीने त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं. मुलगी गेली ती त्याच दवाखान्यात, वरच्या मजल्यावर. मावशी कामावर परतली तेव्हा त्या वॉर्डचं बोचकं खाली आलेलं होतं.

"चादरीला कोपऱ्यात ठिगळ होतं. वर तिच्या उशाशी बसून मी ते बोटाने चाचपत राहायचे, म्हणून ओळखली. धुऊन आली, मी इस्त्री केली. काय करणार? रडले असते तर डाग पडला असता. मग तोंडातून निघालं ते."

तंबूने खांद्यावरची गिटार खाली ठेवली.

"तुला काय माहीत," मावशी म्हणाली. "पण ते कुणाला ऐकवायला नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मला उगाच... जाऊ दे. झोप आता."

ते गाणं पुन्हा गाणार नाही, असं त्याने तिला सांगितलं, आणि शब्द पाळला. पण सभागृहातल्या कितीतरी जणांनी ते फोनवर टिपून घेतलं होतं. त्याने कार्यक्रमवाल्या बाईंना गळ घातली, त्यांनी त्यांच्याकडचं काढूनही टाकलं, तरी ते या हातातून त्या हातात फिरत राहिलं. पुढच्या कार्यक्रमांत माणसं त्याच गाण्यासाठी यायची. मागून आवाज यायचा, चादरीचं म्हणा. तो मान हलवून दुसरं सुरू करायचा. माणसं हिरमुसायची, बाईंचाही धीर सुटला. हळूहळू बोलावणी कमी झाली. त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही.

वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. मावशी त्याच्यावर कधी चिडली नाही, एका शब्दाने बोलली नाही. फक्त गुणगुणायची थांबली. अभ्रे इस्त्री व्हायचे, भांडी घासली जायची, सगळं मुकाट्याने. एकदा त्याने न राहवून म्हटलं, नळाचं म्हण ना. ती हसली. घसा बसलाय म्हणाली. तो बसलेला घसा काही सुटला नाही. पुढच्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला आणि त्याच दवाखान्यात ती गेली. शेवटच्या दिवसांत ती पांघरुणाची कड सारखी बोटांनी सरळ करायची. तो शेजारी बसून असायचा.

वर्ष उलटून गेल्यावर दवाखान्यातली सामानाची लिफ्ट अडली आणि मुकादमाने तंबूला पाठवलं. लिफ्ट नेमकी तळघरातच, धुलाईघरापाशी अडकली होती. तो खालच्या खड्ड्यात उतरून काम करत होता, आणि वरून, यंत्रांच्या घरघरीतून, त्याला ऐकू आलं. घडी घातली, घडी मोडली. चार-पाच जणी गात होत्या. तिसऱ्या ओळीत 'कोण उठलं' म्हणून झालं की सगळ्याजणी टाचेने जमिनीवर दणकन ठेका द्यायच्या, आणि मग 'मला नका सांगू'.

तो पाना तसाच हातात घेऊन वर आला. आता टेबलांपाशी सगळ्या नव्या, तरुण होत्या. त्याला कुणी ओळखलं नाही. त्याने विचारलं, हे कुठलं गाणं? एक जण म्हणाली, फोनवर ऐकलं, ठेक्यासकट, कामाला बरं पडतं.

"तिथे ठेका नाहीये," तंबू म्हणाला. "'कोण उठलं' म्हटल्यावर थांबायचं असतं. तिथे काही वाजत नाही."

"हो का?" ती म्हणाली. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "किती थांबायचं, दादा?"

तंबूने डोळे मिटले. स्वयंपाकघरातली मावशी त्याला दिसली, तिची पाठ दिसली, इस्त्री उचललेला हात दिसला. पण जरा कुठे ती थांबली की त्याचाच पाय खोक्यावर पडायचा. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तेच.

बायका इस्त्र्या हातात धरून वाट बघत होत्या.

"आठवलं की सांगतो," तो म्हणाला, आणि खाली उतरला.