एका नंबरवर एकेचाळीस नावं

मी एक जुना कॉम्प्युटर आहे आणि सध्या लोह्याच्या पोलीस ठाण्यात, मुद्देमालाच्या खोलीत राहतो. माझ्या अंगावर पांढरं कापड आहे आणि गाठीवर लाखेची मोहोर. शेजारी चोरीत सापडलेल्या दोन पाण्याच्या मोटारी आहेत. त्या मलाही चोरीचाच माल समजतात. मित्रांनो, तुम्ही तरी तसं समजू नका, म्हणून माझी गोष्ट सांगतो.

माझी उमेदीची वर्षं लातूरच्या एका क्लासमध्ये गेली. नवे कॉम्प्युटर आले तसा मी अडगळीत पडलो. तिथून मला हनीफभाईने लोह्याला आणलं. स्टँडसमोर त्याचं फॉर्म भरून देण्याचं छोटं दुकान होतं. सकाळी शटर वर केलं की तो रुमालाने माझा पडदा पुसायचा आणि म्हणायचा, "चल उस्ताद, कामाला लाग." मला उस्ताद म्हणणारा तो पहिलाच. खरं सांगतो, मला त्याचा गर्व झाला होता.

दुकानाबाहेर एक काळा फळा होता. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडे मोबाईल नसतो. त्यांच्या कामाचा निरोप आला की हनीफभाई खडूने फळ्यावर त्यांचं नाव आणि गाव लिहायचा. बाजाराला आलेली माणसं तो फळा वाचायची आणि परत जाताना निरोप घेऊन जायची. एकही निरोप चुकल्याचं मला आठवत नाही.

एकदा केवळाबाई आली. एकटा जीव, वाकळा शिवून पोट भरणारी. उजव्या डोळ्याने दिसणं जवळपास बंद झालं होतं आणि डावाही धुरकट होत चालला होता. लातूरला एका ट्रस्टच्या दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट व्हायचं, पण नाव वेबसाइटवर नोंदवावं लागे.

"मावशी, मोबाईल नंबर सांगा," हनीफभाई म्हणाला.

"माझ्याकडं कुठला आलाय मोबाईल? तुझाच टाक की. सुईत दोरा गेला पायजे बघ, बाकी काय बी नको."

त्याने आपला नंबर टाकला. माझ्या पडद्यावर एक चौकोन आला. त्यात बारीक इंग्रजी अक्षरांत लांबलचक अटी होत्या आणि खाली ‘मान्य आहे’ असं बटण होतं. त्या अटींत लिहिलं होतं की एका नंबरवर एकाच कुटुंबाची नावं नोंदवावीत आणि दुसऱ्याच्या वतीने नोंदणी करू नये. मित्रांनो, ती ओळ माझ्याच छातीवर होती. मला ती दिसत होती, पण मला तोंड नाही. हनीफभाईने बटण दाबलं. केवळाबाईचं पाहून इतर म्हातारे आले आणि त्या एका नंबरवर एकेचाळीस नावं झाली. छपाईच्या पैशांपलीकडे त्याने कुणाकडून काही घेतलं नाही.

केवळाबाईची तारीख अकरा दिवसांवर आली होती. फळ्यावर तिचं नाव लिहायचं म्हणून हनीफभाईने खडू हातात घेतला, तेवढ्यात मेसेज आला. अटींचा भंग झाल्यामुळे एकेचाळीसही नोंदण्या रद्द झाल्या होत्या. दुसरीकडे काही दलाल असेच एका नंबरवर ढीगभर नावं लावून पेशंटचे नंबर विकत होते. त्यांना पकडायला टाकलेल्या जाळ्यात हनीफभाई सापडला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

नावं परत लागतील या आशेने, म्हाताऱ्यांना काही न कळवता, त्याने दवाखान्याकडे हेलपाटे घातले. पोलिसांत तक्रार गेली आहे, चौकशी होईपर्यंत काही करता येत नाही, एवढंच उत्तर मिळालं. मग पोलीस आले. पंचनामा लिहिणाऱ्या रेणुका मॅडम रागीट नव्हत्या.

"अटी वाचल्या नव्हत्या का, हनीफभाई?"

"इंग्लिशमधी होत्या, मॅडम."

"मग मान्य आहे कशाला म्हणलात?"

"म्हणल्याबिगर ते पुढं सरकतच नव्हतं."

मॅडमनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मला कापडात बांधलं. फळ्यावर नावं होती म्हणून पुरावा म्हणून फळाही उचलला. त्या दिवशी हनीफभाईने माझा पडदा पुसला नाही.

दहा महिने तो चौकशीच्या तारखांसाठी नांदेडला जात राहिला. दुकान बंदच होतं. शेवटी चौकशी करणाऱ्या साहेबांनी अहवालात लिहिलं की अटी मोडल्या हे खरं, पण फसवण्याचा हेतू दिसत नाही. त्याआधी एकेका म्हाताऱ्याचा जबाब झाला. सगळ्यांच्या मागून केवळाबाई आली, हनीफभाईचा हात धरून. खोलीचं दार उघडं होतं, पातळ कापडातून मला सगळं दिसत होतं आणि ऐकू येत होतं.

"तारखेचं काय झालं ते विचारलं नाही का, मावशी?" मॅडमनी विचारलं.

"रोज इचारलं की. बाजारातून येणाऱ्याला इचारायची, माझं नाव हाय का फळ्यावर? ते म्हणायचे, फळाच न्हाई. मला वाटलं, आज न्हाई तर उद्या लावतील." मग ती हळूच म्हणाली, "डॉक्टर म्हणला, मोतीबिंदू पिकून डोळ्याची नस सुकली, लई उशीर झाला. उजवा तर गेलाच. डाव्यानं आता उजेड तेवढा कळतोय."

हनीफभाई रडत होता. ती म्हणाली, "रडू नको, लेकरा. टाक म्हणणारी मीच व्हते."

मॅडमनी जबाब लिहिला आणि शाईचा डबा पुढे केला. केवळाबाईने हात मागे घेतला.

"आधी वाचून दाखव, बाई. पहिल्यापासून."

मॅडमनी वाचलं. एका ठिकाणी केवळाबाईने थांबवलं आणि म्हणाली, "हनीफनं छपाईबिगर पैसे घेतले न्हाईत, ते न्हाई आलं." मॅडमनी ते लिहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग मॅडमनीच तिचा अंगठा धरून कागदावर टेकवला.

मित्रांनो, माझ्या पडद्यावर ‘मान्य आहे’ हजारो वेळा दाबलं गेलं, पण इतकं ऐकून घेऊन होकार देणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तुम्हाला वाचता येतं. ते बटण दाबण्याआधी वाचा, समजलं नाही तर विचारा, आणि ज्याच्या नावाने दाबताय त्याला मोठ्याने वाचून दाखवा. आणि ज्यांना अटी लिहायच्या आहेत, त्यांनी त्या केवळाबाईला कळतील अशा लिहाव्यात.

मला सोडायचा हुकूम निघाला आहे. हनीफभाई अजून न्यायला आलेला नाही. फळा मात्र त्याने नेला. तो आता केवळाबाईच्या घरी, चुलीमागच्या भिंतीला टेकवून ठेवला आहे म्हणे, आणि तिचं नाव त्यावर लिहायचं राहूनच गेलं आहे.