गाडीतल्या वासाचा पंचनामा

भांडण्यात मी सहसा कुणाला हार जात नाही. डोंबिवलीच्या एका क्लासमध्ये नववी-दहावीला विज्ञान शिकवते, त्यामुळे आवाज मुळातच खणखणीत आहे आणि समोरचा चुकतोय असं दिसलं की तो आपोआप आणखी वर जातो. असं असूनही शोरूमच्या त्या कागदावर मी मुकाट सही केली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझी बढाई वाटायला नको.

गाडी माझ्या भावाची, दर्शनची. आम्ही ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले. कोलशेतला एक कंपनी आहे, तिच्या स्टाफला डोंबिवली-कल्याणहून सकाळी आणायचं आणि संध्याकाळी सोडायचं, हे काम दर्शनच्या गाडीला लागलं होतं. एप्रिलमध्ये एसी नीट गार करेना म्हणून त्याने गाडी शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला दिली. दोन दिवसांनी गाडी परत आली, एसी थंडगार झाला, आणि आठवडाभरात गाडीत वास यायला लागला. असातसा नाही. मागे बसलेल्या मुली भर उन्हाळ्यात काचा खाली करून बसायच्या.

तक्रार घेऊन आम्ही दोघं शोरूमला गेलो. केदार नावाचा इस्त्रीच्या शर्टातला मुलगा टॅब घेऊन समोर बसला. पत्ता लिहिताना "कोळीवाडा" या शब्दावर त्याचं बोट थांबलं.

"घरी मासळीचा व्यवसाय आहे का?"

"आई कळव्याच्या बाजारात बसते," मी म्हटलं.

"मग तेच असणार, मॅडम," तो अगदी अदबीने म्हणाला.

आईची मासळीची पाटी या गाडीत एकदाही चढलेली नाही. ती पहाटे चार बायकांबरोबर टेम्पोने जाते. हे एवढंच सांगायचं होतं. पण आजूबाजूला माणसं बसली होती, सगळे आमच्याकडे बघतायत असं मला वाटलं, आणि लाज वाटली. हो, लाजच. त्याने पुढे केलेल्या जॉब कार्डच्या कागदावर इंग्रजीत जे छापलं होतं त्याचा अर्थ असा: गाडीतून मासळीची वाहतूक होत असल्याने दुर्गंधी, वॉरंटीत बसत नाही. दर्शन काही म्हणायच्या आत खाली मी सही ठोकली.

घरी येऊन मी आणखी शहाणपणा केला. गाडीत कापूर ठेवला, अत्तराच्या बाटल्या लटकवल्या आणि आईला म्हटलं, "थोडे दिवस गाडीत बसू नकोस गं, सीट धुवायला काढल्यात." ती "बरं" म्हणाली. गुडघ्याच्या डॉक्टरकडे दोनदा रिक्षाने गेली.

वास काही हलला नाही. गुरुवारी कंपनीच्या सुपरवायझरने दर्शनला बजावलं, "सोमवारपर्यंत वास घालव आणि शोरूमचं पत्र आण. नाहीतर दुसरी गाडी लावतो." शोरूमचा कागद आमच्याकडे एकच होता आणि त्यावर मासळी होती. तो सुपरवायझरला दाखवला असता तर काम त्याच क्षणी गेलं असतं. दर्शन तो हातात घेऊन उंबऱ्यावर बसून राहिला.

"काय लिवलंय त्येच्यावर?" आईने विचारलं.

त्याने वाचून मराठीत सांगितलं. आईने पूर्ण ऐकून घेतलं.

"आन खाली सही कोनाची?"

दर्शनने माझ्याकडे बघितलं. आई फक्त म्हणाली, "शनवारी मी पन येतंय."

शनिवारी ती लग्नाला निघाल्यासारखी तयार झाली. जांभळी साडी, गळ्यात सोन्याची माळ, केसांत वेणी, आणि हातात कापडी पिशवी. पिशवीत काय आहे ते विचारायची हिंमत आम्हाला झाली नाही.

केदार समोर येऊन बसला तशी तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि त्याच्या टॅबशेजारी ठेवून झाकण उघडलं. आत बोंबील होते. एसीतल्या त्या बंद हॉलमध्ये वास असा काही पसरला की सोफ्यावरचे दोघं उठून थेट दारापाशी गेले.

"घे. हुंग," आई म्हणाली.

"मावशी, हे काय?"

"ही मासली. कालची. वास नीट ध्यानात ठेव. आता चल गाडीत."

काचेच्या केबिनमधून मॅनेजरबाई नाकाला रुमाल लावून धावत आल्या. क्षिप्रा असं नाव खिशावरच्या पट्टीवर होतं. "काकू, प्लीज डबा बंद करा. आपण आत बसून बोलू या ना."

"आत नको. गाडीत बसून बोलू."

आवारात गाडी उभी होती. दर्शनने काचा बंद करून एसी लावला. आई पुढे, केदार आणि मी मागे, आणि क्षिप्रा मॅडम बाहेर उभ्या. दहा मिनिटांत तो ओळखीचा आंबूस, कुबट वास यायला लागला. आईने दार उघडलं, मॅडमना आत वाकायला लावलं आणि केदारकडे वळली.

"यो मासलीचा वास हाय?"

"थोडा वेगळा आहे," केदार पुटपुटला.

"थोडा?" मी म्हटलं. माझा आवाज परत आला होता.

आई शांतपणे सांगायला लागली. "मासलीचा वास आसता तर गाडी उन्हात बंद ठेवल्यावर वाढला आसता. यो एसी लावला की येतो. आन गेलं चार हप्तं रोज रातची गाडी आमच्या कोलीवाड्यात उभी आसते. आमच्याकडची मांजरं रिकाम्या पाटीला पन सोडत नाय. एक मांजार या गाडीकडं फिरकलं नाय. त्यांना तुमच्यापेक्षा जास्ती कलतं."

मग तिने चप्पल काढली आणि अनवाणी पाय समोरच्या मॅटवर ठेवून जोरात दाबला. "वर कोरडं हाय. खाली पानी हाय."

हवेतल्या वाफेचं थंड पृष्ठभागावर पाणी कसं होतं, हे मी दरवर्षी नववीला फळ्यावर आकृती काढून शिकवते. महिनाभर मी त्या गाडीत अत्तर मारत होते. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

मॅडमनी मिस्त्रीला बोलावलं. त्याने मॅट काढलं, खालचा गालिचा उचलला, तर त्याच्या खालचं जाड अस्तर पाण्याने थबथबलेलं, काळं पडलेलं. मिस्त्रीने डॅशबोर्डखाली हात घालून चाचपलं आणि एक लोंबती रबरी नळी बाहेर ओढली.

"मॅडम, एसीचं पाणी बाहेर सोडायची नळी परत बसवलीच नाही. गेल्या महिन्यात आपल्याकडेच एसी खोललेला," तो सगळ्यांदेखत म्हणाला. केदार टॅबमध्ये काहीतरी शोधू लागला.

क्षिप्रा मॅडम मात्र तयारीच्या होत्या. "सॉरी, काकू. खालचं सगळं नवीन टाकून देतो, उद्या संध्याकाळी गाडी न्या. पुढच्या दोन सर्व्हिस फ्री. फक्त ऑनलाइन कुठे काही लिहू नका."

दर्शनचा चेहरा उजळला. तो हो म्हणणार तेवढ्यात आई म्हणाली, "सर्विसचं मागून बघू. आधी कागदावर लिवलंय त्या काढ."

"ते जॉब कार्ड आता सिस्टममध्ये क्लोज झालंय, काकू. त्यात बदल होत नाही."

"मग लेटरहेडवर पत्र द्या," मी म्हटलं. "मी सांगते, तुम्ही टाइप करा."

केबिनमध्ये पहिल्या खेपेला त्यांनी 'तांत्रिक अडचण' लिहिलं. मी खोडायला लावलं. दुसऱ्या खेपेला 'वासाचे कारण दूर केले आहे' असं आलं. तेही नाही. आई समोरच्या खुर्चीत डबा मांडीवर घेऊन बसली होती. मॅडम फार वेळ विचार करायला लागल्या की ती झाकण जरासं सैल करायची. तिसऱ्या खेपेला पत्र बरोबर उतरलं: वास मासळीचा नव्हता, आमच्या कामातल्या चुकीमुळे गाडीत पाणी साचलं, आणि गाडीतून मासळीची वाहतूक होते हे आम्ही न तपासता लिहिलं, त्याबद्दल भागीरथी कोळी यांची, म्हणजे आईची, माफी मागतो. सही, शिक्का, तारीख. मी ते दोनदा वाचलं आणि मोठ्याने वाचून आईला ऐकवलं. दर्शनने तिथूनच सुपरवायझरला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "सोमवारी सात वाजता डोंबिवलीचा पिकअप तुझाच."

रविवारी संध्याकाळी आम्ही तिघं गाडी आणायला गेलो. आई पुढे बसली, मी मागे. गाडी कापूरबावडीच्या सिग्नलला थांबली तेव्हा मी धीर करून म्हटलं, "आई, चुकलं माझं. सही करायच्या आधी तुला विचारायला पाहिजे होतं."

ती समोरच बघत होती. "त्या पोराला मी कोन ते ठाव नाय. त्यानं लिवलं, मी जाऊन काढायला लावलं. त्याचं मना काय वाटत नाय. पन त्या सीट धुवायच्या आधी, मी गाडीतून उतरल्यावर तू माझी सीट हुंगलेलीस. दोन वेला. मी फाटकातून बघत होते."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. सिग्नल सुटला.

"दर्शन, काचा वर घे आन एसी लाव," आई म्हणाली. "आता दोघं बी नीट हुंगा."

त्याने काचा वर घेतल्या. कोळीवाडा येईपर्यंत आम्ही दोघं मोठमोठे श्वास घेत राहिलो.