निळं म्हटलं की

लढाईच्या त्या वर्षांत हिंगोलीच्या एका जिनात बाया कापूस निवडायला बसत आणि त्यांची अठरा लेकरं मी सांभाळायची. अठरा लेकरं म्हणजे बेडकांची पाटी; एक आत घातलं की दुसरं बाहेर. ओरडून घसा बसला तेव्हा मी युक्ती काढली. माठापाशी लाल चिंधी बांधली, भाकरी खायच्या लिंबाखाली हिरवी, निजायच्या गोणपाटाजवळ निळी. नुसतं "लाल!" म्हटलं की सगळी माठाकडं पळायची.

एकच पोरगी ऐकेना. तांड्यावरच्या भिकाबाईची चंदी, चार वर्षांची. जेवणं झाल्यावर मी "निळं!" म्हणावं, बाकीची निजायला जावीत, आणि ही बया लिंबाखाली भाकरीच्या जागी मांडी ठोकून बसावी. आत्ताच तर खाल्लं होतं! आधी मी हसले, मग चिडले. तिला उचलून आणेपर्यंत बाकीची उठायची आणि माझी दुपार पाण्यात जायची. थकल्या माणसाला दया कमी असते. मी मुकादम तातेरावांना सांगून टाकलं, "पोरगी मठ्ठ हाय अन् खादाडबी. माझ्याच्यानं न्हाई व्हत."

"आठ दिवसांत सुधारली न्हाई तर लेकरूबी घरी अन् मायबी घरी," तातेराव म्हणाले. यंत्रापाशी लेकरू चालत नव्हतं, आणि तांड्यावर चंदीला बघणारं कुणी नव्हतं. हे मला ठाऊक होतं. तरी मी तशीच लेकरांकडं परतले.

आठव्या दिवशी दुपारी भिकाबाई स्वतः बघायला आली. मी "निळं!" म्हटलं आणि चंदी निघाली लिंबाकडं. भिकाबाई हात उगारून धावली आणि मधेच थांबली.

"बाई, बराबर तर चालली की ती."

"बराबर? निळी चिंधी इकडं हाय."

"आमच्या बोलीत हिरव्याला लीलो म्हणतेत. तुमचं निळं तिला लीलोच ऐकू येऊन राहिलं." तिनं उगारलेला हात खाली घेतला. "आठ दिवस मारून राहिले मी तिला. खादाड म्हणून. दोनदा सांजची भाकरबी देल्ली न्हाई."

मी तशीच तातेरावांकडं गेले. "चूक माझी हाय. लेकरू शहाणं हाय," मी म्हणाले. "ठेवा मग," ते मान वर न करता म्हणाले. भिकाबाईचं काम वाचलं.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी मी हिरवी चिंधी हलवून "लीलो!" म्हटलं. बाकीची लेकरं खिदळली. चंदी जागची हलली नाही. ती चिंधीकडं नाही, माझ्या हाताकडं बघत होती. शेवटी मी "हिरवं!" म्हणाले. सगळी पळाली, बसली, आणि मग ती हळूच येऊन कडेला टेकली. मी तिच्यापुढं भाकरी ठेवली. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"भूक न्हाई," ती म्हणाली.